चौथ्या बांधाची अंबील

अंबील आंबायला तीन दिवस लागतात, हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. मी नातेपुत्याकडचा. आमच्याकडे येळवस करत नाहीत. मिलमध्ये माग चालवले, संपात पुढं उभा राहिलो, तुरुंगात जाऊन आलो, हाताला लागेल ते पुस्तक वाचलं. शाळेचं तोंड न बघता शहाणा झालो, अशी माझी माझ्याविषयी समजूत होती. अजूनही थोडी आहे. पण सिद्धम्माच्या शेताची ओढ्याकडली पट्टी गेली ती माझ्यापायी. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. दुसरं कुणी लिहिणार नाही.

सिद्धम्मा मिलच्या रीळ खात्यात होती. कानडी धनगराची बाई, उंच, हाडानं रुंद, बोलायला लागली की अर्धं कानडी अर्धं मराठी. नवरा बिरप्पा पटकीनं गेला. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं शेत शहरापासून चार कोसांवर, अक्कलकोटच्या रस्त्यानं गेलं की डाव्या हाताला. शेत दोघा भावांचं. बिरप्पा गेल्यावर कागदावर धाकटा कल्लप्पा एकटाच उरला. विधवेला पोटाला घालावं एवढंच तेव्हाचा कायदा म्हणत होता. वाटा मागायची सोय नव्हती. तरी सिद्धम्माला वाटा मिळत होता, आणि तो मिळत होता अंबिलीच्या जोरावर.

ते असं. बिरप्पाच्या दहाव्याला गाव जमलं तेव्हा पाटलानं कल्लप्पाकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं : जोवर वहिनी दर येळवशीला स्वतःच्या हातची अंबील आणून थोरल्याच्या तुकड्याच्या चारी बांधांवर शिंपडते, तोवर तो तुकडा तिचा. कसायचा कल्लप्पानं, निम्मं पीक तिला. ज्या साली ती आली नाही, त्या साली तिनं सोडला असं धरायचं.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या. शाळू पोटरीत आलेला असतो. त्या दिवशी आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेची आणि दक्षिणेची गावंच्या गावं रिकामी होतात, माणसं रानात जातात. उभ्या पिकात कडब्याची कोप घालायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि अंबील. अंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात कालवून, मडक्याला फडकं बांधून तीन दिवस आंबवलेलं. त्यात लसूण, जिरं, मीठ. पहिली अंबील भुईला. मालक बांधाबांधानं आरोळी देत शिंपडत जातो, मग माणसं खातात. वाटेनं जाणाऱ्यालाही हाका मारून बसवतात. त्या दिवशी कुणाला परका म्हणत नाहीत. निदान तसं सांगतात.

अंबिलीची घागर घरच्या पुरुषानं घोंगडी पांघरून डोक्यावरून न्यायची असते. सिद्धम्माच्या घरी पुरुष उरला नव्हता. मग बिरप्पाचीच घोंगडी ती पांघरायची. आणि त्या घरची आणखी एक रीत होती : घागर एकदा डोक्यावर चढली की शेवटच्या बांधावर शिंपडून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. साप आडवा गेला तरी नाही.

आता माझी गोष्ट तिच्या गोष्टीत कशी शिरली ते.

त्या साली पावसाळ्यात मी तिच्या चाळीत भाषण द्यायला गेलो होतो. चाळ मोठी मासलेवाईक. एका बाजूला तेलुगू पद्मसाळी, एका बाजूला मुसलमान पिंजारी, मध्ये आमची मराठी-कानडी खिचडी. पाडव्याला तेलुगू बाया कडुलिंबाचा मोहर, गूळ, चिंच, कैरी घातलेलं पातळ वाटीवाटीनं दारोदार देत. मोहरमात पिंजाऱ्याकडून मलिदा येई. येळवशीनंतर सिद्धम्माकडली अंबील जाई. सणाच्या वाटीतून आलेलं खायचं आणि वाटी भरून परत पाठवायची, यात तिथं जातधर्म कुणी बघत नसे. मला हे फार आवडलं, आणि आवडलं म्हणून मी त्यावर तास-दीड तास बोललो. रशियातले कामकरी उरलासुरला पाव पाण्यात आंबवून आंबट पेय करतात, हे मी नुकतंच वाचलं होतं. तेही ठोकून दिलं. म्हटलं, "बघा, जगभर कष्टकऱ्याचा घोट एकच!"

मागून एका बाईनं विचारलं, "मग त्ये लोक पयला घोट भुईला देत्यात का न्हाय?"

"भुईला कशाला देतील, बाई? भूक माणसाला असते."

"मग कसला सण त्यो!" ती म्हणाली. बाया हसल्या. "आमी बी करतो की तसलं. आमचं ज्वारीचं असतंय."

मी पुढचा मुद्दा घेतला. तुमचं कसलं असतं, हे विचारलं नाही. ती सिद्धम्मा.

हिवाळा लागला. सरकारनं शहरावर लादलेला तीस सालचा मार्शल लॉ उठून सहा महिने होत आले होते. शहर अजून दबून होतं. खादीची टोपी घालून रस्त्यावर निघताना माणूस आधी डावीउजवीकडे बघे. आम्ही काही मिल-कामगारांनी दारूविरुद्ध मंडळ काढलं होतं. अक्कलकोट नाक्याजवळ शिंदीचं दुकान होतं, त्यासमोर आळीपाळीनं उभं राहायचो. दुकानदार आमच्याहून हुशार. त्यानं गिऱ्हाईक आत घेणं कमी केलं आणि उजाडायच्या आत बायांच्या डोक्यावर मडकी देऊन रस्त्यावर खडी फोडणाऱ्यांकडे माल पाठवायला लागला. येळवशीच्या दोन दिवस आधी आम्ही अशी एक बाई पकडली होती. मडक्यावर फडकं, फडक्यावर पदर.

एक गोष्ट इथंच कबूल करून टाकतो. त्याच आठवड्यात मिलच्या गोऱ्या विणाई मास्तराच्या बंगल्यावर नाताळचा केक तयार होत होता. त्यांचा बबर्ची माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, "भाई, महिनाभर मेवा ब्रँडी में भिगाया है, खुशबू से ही चढ जाती." त्या बंगल्यासमोर मी उभा राहिलो नाही. तिथं शिपाई असतो.

येळवशीची पहाट. थंडी मरणाची. मी आणि येडू, माझा मागवाला जोडीदार, नाक्यापुढं मैलाच्या दगडाशी उभे. माझ्या हातात झेंड्याची काठी. तांबडं फुटत होतं. शहराकडून एक उंच आकृती आली. डोक्यावरून घोंगडी, घोंगडीखाली घागर, तोंड निम्मं झाकलेलं.

"थांब. घागरीत काय आहे?"

उत्तर नाही.

"ए बाई, विचारतोय मी. काय आहे?"

ती थांबली, मान हलवली, आणि बाजूनं निघाली.

येडू जवळ गेला, नाक वर केलं. "कुंडलिकराव, वास येतोय. आंबूस."

"शेवटचं विचारतो," मी म्हटलं. "बोल. न्हायतर फोडीन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला ते बघणं मिजासीचं वाटलं. वाटलं, दुकानदारानं शिकवून पाठवलीय, या खुळ्यांना उत्तरच द्यायचं नाही. मी चिडलो की माझ्या कानात गरम होतं, पुढचं ऐकू येत नाही. घागर निसटली, असं मी पुढं मंडळात सांगितलं. निसटली नाही. मी काठी मारली.

पांढरट पातळ तिच्या तोंडावरून, घोंगडीवरून, रस्त्यावर. लसणाचा वास आला. शिंदीला लसणाचा वास येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

ती ओरडली नाही. खाली बसली आणि फुटक्या घागरीचा बुडाचा तुकडा दोन्ही हातांत उचलून धरला. त्यात ओंजळ-दीड ओंजळ उरली होती.

तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. गाडीत सोजरबाई. हिचं शेत सिद्धम्माच्या गावचंच. लेकीला सणासाठी आणायला ती आदल्या दिवशी शहरात आली होती. तिनं गाडीतूनच सुरुवात केली, "आरं मुडद्या! आरं अंबील हाय ती! बाईचं शेत हाय त्यात!"

"शेत?"

"उतर म्हनं टोपी डोक्यावरची! कशाला घातलीस ती?" मग तिनं दहाव्याची, पाटलाची, बांधांची सगळी हकीकत सांगितली. अधूनमधून शिव्या, त्या इथं लिहीत नाही. "आता दुसरी कुटनं आननार ती? तीन रोज लागत्यात आंबायला!"

"तुमच्याकडची द्या."

"म्या देईन रे. पन तिच्या हातची पायजे, असं ठरलंय."

सिद्धम्मा उठली होती. खापरी छातीशी धरून ती चालायलाही लागली होती. गाडीत ये म्हटलं तर मान हलवली. अंबील पायीच न्यायची.

सोजरबाई मला म्हणाली, "तू चल. तू फोडलीस, तू सांग. ती बोलायची न्हाय, आन् कल्लप्पा म्हनंल मुद्दाम फुटकं आनलं."

येडू माझी बाही ओढून म्हणाला, "जाऊ नका. तुमचं डोकं तितं ऱ्हानार न्हाय." येडूला अक्षर येत नाही. त्या दिवशी आम्हा दोघांत शहाणा तो होता.

चार कोस मी तिच्यामागून दहा पावलांवर चाललो. घोंगडी तिच्या अंगावर वाळून कडक झाली होती. दोनदा म्हटलं, "चुकलं माझं." तिनं मागं बघितलं नाही. डोळे खापरीवर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शाळू दाटला होता, कोपी दिसत होत्या, रानातून आरोळ्या येत होत्या. एका शेतातून कुणीतरी हाक मारली, "या हो पावनं, जेवाय!" मी जीभ चावली.

शेतावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. कल्लप्पाची कोप घातलेली, गाव आसपास. हिंदुराव पाटील, पांढऱ्या मिशांचा, दहाव्याला बोललेला तोच, कोपीसमोर घोंगडीवर बसला होता. कल्लप्पानं आधी खापरी बघितली, मग मला.

"बरं हाय, वैनी," तो म्हणाला. "फुटकं खापर घिऊन आलीस. मयताला आनत्यात तसं. आन् संगं ह्यो कोन? टोपीवाला?"

चारपाच जण हसले. मला वाटलं होतं मी साक्षीदार म्हणून आलोय. विधवा बाईच्या मागं परका बाप्या चार कोस चालत आला, एवढंच त्यांना दिसलं. माझं येणं फोडण्याहून वाईट ठरत होतं.

सिद्धम्मानं कुणाकडे बघितलं नाही. कोपीत खापरीतलं एक बोट पांडवांना लावलं आणि ती पहिल्या बांधाला लागली. बोटं बुडवायची, झटकायची. थेंब थेंब. आरोळी द्यायची ती तोंडातल्या तोंडात, ओठही हलत नव्हते.

मी पाटलाला सगळं सांगितलं. नाक्यावर उभा होतो, दारू समजलो, काठी मारली. बाईची काही चूक नाही.

पाटील ऐकून घेत होता. माणूस वाईट नव्हता, हे आता म्हणतो. तो म्हणाला, "व्हय, दिसतंय की. पुरायची न्हाय ती चौथ्या बांधाला."

सोजरबाई पुढं झाली. "माज्या मडक्यातली घ्या की चौथ्याला! शेजारच तर हाय माजं."

"वा!" कल्लप्पा उसळला. "ओढ्याकडला बांध तुज्या शेताला लागून. तुजी अंबील आमच्या बांधावर पडली की उद्या तू म्हनशील बांध माजा!"

लोक म्हणाले, बरोबर आहे. सोजरबाईलाही ते बरोबर वाटलं. तिनं मडकं मागं घेतलं. ज्याची अंबील त्याची भुई, हे तिथं पोरासोरालाही कळतं.

पाटलानं थोडा वेळ मिशी ओढली. मग मला म्हणाला, "ऐक, गड्या. एक तोड हाय. तू फोडलीस. तू ह्या कोपीम्होरं नाक घास, आन् समद्यांदेखत म्हन, अंबील पुरी होती, माज्या हातनं सांडली, ती भुईला पोचली असं धरा. मग चारी बांध पुरे. कल्लप्पा, हाय का कबूल?"

कल्लप्पा कुरकुरला. पण पाटलाचा शब्द. "घासू दे," म्हणाला. "बगू तरी टोपीवाला."

एवढंच करायचं होतं. खाली वाकायचं, नाक मातीला लावायचं, एक वाक्य बोलायचं.

मी म्हटलं, "चूक माझी, ती मी शंभरदा म्हणेन. नाक घासणार नाही."

"का रं?"

"नाकं घासायची बंद व्हावीत म्हणूनच आम्ही लाठ्या खाल्ल्या, पाटील. साहेबापुढं घासलं नाही, तुमच्यापुढं घासू?"

"माज्याम्होरं न्हवं. कोपीम्होरं."

"दगडापुढं तर मुळीच नाही!"

झालं. कानात गरम झालं होतं. पुढं मी बरंच बोललो. बाईचा हक्क अंबिलीच्या थेंबावर ठेवणारे तुम्ही कसले पंच, हिचा वाटा हिच्या घामाचा आहे, हा खुळचटपणा आहे, असं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आजही मी ते मागं घेत नाही. पण मी बोलत होतो तेव्हा सिद्धम्मा तिसऱ्या बांधावर होती. ती थांबली. तिथून तिनं माझ्याकडे बघितलं. तिला माझा आवाज ऐकू येत होता, पाटलाचाही. हात वर करून तिनं मला खाली दाखवलं. जमिनीकडे. दोनदा दाखवलं. तोंड मिटलेलं.

मला ते कळलं. कळलं नाही असं लिहून मी सुटू शकतो, पण कळलं होतं. मी तिच्याकडे पाठ केली आणि बोलत राहिलो.

ती चौथ्या बांधावर आली तेव्हा खापरी कोरडी होती. तिनं बोटानं खरवडलं. दोन पावलांपुरतं ओलं निघालं. मग सगळ्या बांधभर तिनं नुसता हात झटकला, शेवटपर्यंत, एकही पाऊल न गाळता.

पाटील उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जितं पोचली तितं तिचं. ओढ्याकडली पट्टी कल्लप्पाची. उठा, जेवा."

ओढ्याकडली पट्टी म्हणजे त्या तुकड्यातली सगळ्यांत काळी माती. शाळूला बरी, हरभऱ्याला सोनं. दोन बाभळी होत्या, त्याही गेल्या.

शेवटचा बांध झाला होता, म्हणून सिद्धम्माला आता बोलता येत होतं. मला वाटलं, रडेल, मला शाप देईल. ती कल्लप्पाजवळ गेली. "पट्टीतला औंदाचा हरबरा म्या पेरायला लावला हाय. तेवडा काढू दे. मग घे."

"काड की," कल्लप्पा म्हणाला. त्याला एवढं सहज मिळेल असं वाटलं नव्हतं. तो थोडा ओशाळलाही.

सोजरबाईनं आपल्या मडक्यातली अंबील तांब्यात ओतली होती. सिद्धम्मानं तो तांब्या घेतला, माझ्याकडे आली, पुढं धरला. पहाटेपासून माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य :

"पी. चढली तर सांग."

बाया खो खो हसल्या. मी प्यालो. थंड, आंबट, लसणाचा ठसका. माझ्या पुस्तकातल्या रशियन कामकऱ्यांच्या पेयाची चव मला ठाऊक नाही. कुणी विचारलं तर मी हीच चव सांगेन.

परत येताना मी तिला म्हटलं, "कोर्टात जाऊ. मी वकील बघतो."

"तुज्या टोपीवाल्यास्नी सांग," ती म्हणाली, "हुबं ऱ्हावा नाक्यावर. दारू वाईटच हाय. माजा दीर पितोय. पन बाई बोलली न्हाय तर झाकन काडून बगावं. हात हायत की तुमास्नी."

मी वकील बघितला. सात वर्षांनी विधवांच्या वाट्याचा कायदा झाला तेव्हाही धावलो. वकिलानं चष्मा पुसत विचारलं, नवरा कधी गेला? म्हटलं, कायद्याच्या कितीतरी आधी. मग उपयोग नाही, म्हणाला. मी त्याच्याशीही भांडलो.

मंडळातली मुलं अजून अधूनमधून त्या मैलाच्या दगडाशी उभी राहतात. मी दर येळवशीला पहाटे तिथं असतोच. सिद्धम्मा आता रीळ खात्यात नाही. डोळे गेले म्हणून कामावरून काढली. पापड लाटते. पण येळवशीला जाते. तीन बांधांची मालकीण. अंबील पूर्वीएवढीच करते, चारी बांधांना पुरेल एवढी. घोंगडी तीच.

दगडाशी ती थांबते. घागर उतरवून दगडाशेजारी जमिनीवर ठेवते. वरचं फडकं सोडते. आणि उभी राहते. पहिल्या साली मी म्हटलं, "जा बाई, मला माहीत आहे." ती हलली नाही. बोलायची तर सोय नाही. मागं गाड्या थांबल्या, लोक बघायला लागले, मंडळातली मुलं विचारायला लागली, काय झालं. तरी हलेना. तिनं हात वर केला आणि जमिनीकडे दाखवला.

घागर खाली असते. वास घ्यायचा तर गुडघे टेकून मान खाली घालावी लागते, नाक मडक्याच्या काठाला लागतं.

मी वाकतो. मग ती फडकं बांधते, घागर डोक्यावर घेते आणि जाते.